परदेशातल्यांचं पॅन: नवं काढणं, नाव बदलणं आणि 'इनऑपरेटिव्ह' झालेलं चालू करणं

पेठेतला
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

राजारामपुरीतला एक फ्लॅट वारसाहक्कानं तिघांच्या नावावर आलाय, समान वाटा. विकायचं ठरलंय. गिऱ्हाईक पक्कं आहे, एक कोटी वीस लाखाला. तिघंही बाहेर असतात आणि गिऱ्हाइकाचा सीए म्हणतो, तिघांची चालू पॅन हातात आल्याशिवाय विसार पावती नाही.

१. आतेभाऊ: जर्मनीत. भारतीय पासपोर्ट. आधार आहे, पॅन कधी काढलंच नाही.
२. चुलत बहीण: दुबईत. भारतीय पासपोर्ट. पॅन माहेरच्या नावाचं, आधारशी जोडलेलं नाही, आयकर पोर्टलवर 'इनऑपरेटिव्ह' (निष्क्रिय) दिसतंय.
३. आत्या: अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) आहे. पॅन नाही.

शाहूपुरीतला एक एजंट म्हणतोय, तिघांचाही एकच फॉर्म भरून देतो, सह्या इथंच कुणीतरी केल्या तरी चालतंय. हे खरं का? खर्च किती? कुणाचं आधी करायचं?

---

मिसळसम्राट
१० नोव्हेंबर, रात्री ९.५२

सह्या इथंच कुणीतरी! एजंट नाद खुळाच दिसतोय. त्याला पैसेसुद्धा इथंच कुणीतरी देईल म्हणावं.

---

खातेवही
११ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

पेठेतला, त्या एजंटाकडे परत जाऊ नका.

फॉर्म कुठला, ते नागरिकत्वावर ठरतं. राहायचा देश कुठला याचा इथं संबंध नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर ४९अ, मग माणूस जर्मनीत असो की गडहिंग्लजला. परदेशी पासपोर्ट असेल तर ४९अअ, ओसीआय असलं तरीही. म्हणजे भावाचा ४९अ, आत्यांचा ४९अअ. बहिणीला नवं पॅन काढायचंच नाही. तिनं नवीन अर्ज केला तर दोन पॅन होतील, आणि दोन पॅन बाळगल्याबद्दल कलम २७२ब खाली दहा हजारांचा दंड आहे. तिचा फॉर्म 'पॅन माहितीत बदल किंवा दुरुस्ती'चा.

पॅनचे अर्ज घेणाऱ्या दोन अधिकृत संस्था, प्रोटीन (पूर्वीचं एनएसडीएल) आणि यूटीआयआयटीएसएल, दोन्हीकडे फी साधारण हीच: कार्ड भारतातल्या पत्त्यावर मागवलं तर १०७ रुपये, परदेशातल्या पत्त्यावर १०१७. छापील कार्ड नकोच, ईमेलवर ई-पॅन पुरे, असं निवडलं तर ७२. आधार ओटीपीनं कागदाशिवाय अर्ज केला तर यातले पाचसहा रुपये कमी होतात. ई-पॅनची पीडीएफ कायद्यानं पूर्ण वैध आहे, उघडायचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, आठ आकडी. व्यवहारासाठी तेवढं बास.

आधी बहिणीचं हातात घ्या. वेळ तिलाच सगळ्यात जास्त लागणार आहे.

---

शंकासुर
११ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

पॅन हवंच कशाला? आयकर नियमांतला ३७बीसी वाचा. अनिवासी माणसानं आपलं नाव, पत्ता, ईमेल, फोन, त्या देशाचं कर रहिवासी प्रमाणपत्र आणि तिथला कर क्रमांक दिला, तर पॅन नाही म्हणून २० टक्क्यांचा जादा टीडीएस (रक्कम देतानाच कापतात तो कर) कापायची गरज नाही. व्याज, लाभांश, रॉयल्टीच्या यादीत भांडवली मालमत्तेचं हस्तांतरणही आहे. मग आत्यांना कशाला दमवायचं?

---

खातेवही
११ नोव्हेंबर, सकाळी ८.५८

@शंकासुर, नियम बरोबर सांगितलात, या व्यवहारात त्याचा उपयोग मात्र होत नाही. एक तर दहा लाखांवरच्या स्थावर मालमत्तेच्या खरेदीविक्रीत पॅन नमूद करावं लागतं. आणि खरी अडचण पुढची आहे. कापलेला टीडीएस परत मागायचा तर विवरणपत्र भरावं लागतं, ते पॅनशिवाय भरता येत नाही. कमी दरानं टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र (फॉर्म १३) ट्रेसेसवर (टीडीएसचं सरकारी पोर्टल) मागायचं, तर तिथंही लॉगिन पॅनवरच आहे. ३७बीसीचा फायदा फक्त ज्याला इथं परत काही मागायचं नाही त्याला.

आकडेच बघा. प्रत्येकाचा वाटा ४० लाख. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्याचा दर १२.५ टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे १३ टक्के. रक्कम ५० लाखांच्या आत, त्यामुळे अधिभार नाही. अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस, अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र नसेल तर, खरेदीदार नफा न बघता पूर्ण रकमेवर कापतो: ५ लाख २० हजार. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल तर २० टक्के: ८ लाख. माणशी २ लाख ८० हजारांचा फरक, आणि पॅनवाचून तो परतही येत नाही.

---

बिंदूचौक
११ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

खरेदीदाराला हेही सांगा की रहिवाशाकडून घर घेताना भरतात तो २६क्यूबी इथं चालत नाही. त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागेल, तीन विक्रेत्यांचा टीडीएस तिघांच्या पॅनवर वेगवेगळा भरावा लागेल आणि २७क्यू विवरणपत्र द्यावं लागेल. गिऱ्हाइकं इथंच बिचकतात. '५० लाखांच्या आतल्या घराला टीडीएस नाही' ही सूटही फक्त रहिवासी विक्रेत्यासाठी आहे, अनिवासीला पहिल्या रुपयापासून.

---

आखातवारा
११ नोव्हेंबर, दुपारी १.०५

बहिणीच्या पॅनबद्दल. कलम १३९अअ मधून अनिवासी लोकांना आधार जोडणीची सूट ११ मे २०१७ च्या अधिसूचनेनं आहे. सूट असूनही १ जुलै २०२३ ला आखातातल्या ढीगभर लोकांची पॅन निष्क्रिय झाली. कारण एकच: खात्याच्या नोंदीत त्यांचं स्टेटस 'रहिवासी' असंच पडून होतं. भारतात असताना पॅन काढलं, मग व्हिसा लागला, निघून गेले. खात्याला कोण सांगणार? मागच्या तीन कर निर्धारण वर्षांत कधीतरी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरलेलं असेल तरच नोंद आपोआप बदलली. बाकीच्यांनी आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याला (एओ) कळवायचं, असं खात्यानंच जुलै २०२३ मध्ये जाहीर केलंय.

करायचं असं:

ई-फायलिंग पोर्टलवर 'नो युअर एओ' उघडा, पॅन टाका. वॉर्डाचं नाव आणि अधिकाऱ्याचा ईमेल येतो. प्रोफाइलमध्ये रहिवासी स्टेटस 'नॉन रेसिडेंट' करा, परदेशातला पत्ता आणि फोन घाला. नुसतं प्रोफाइल बदलून पॅन चालू होत नाही, अधिकाऱ्याला अर्ज पाठवावाच लागतो. सोबत पॅनची प्रत, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची प्रत, शिक्के असलेली सगळी पानं, रेसिडेन्स व्हिसा किंवा एमिरेट्स आयडी, आणि वर्षवार भारतात किती दिवस होते याचा तक्ता. तक्त्यात आलेली तारीख, गेलेली तारीख, दिवस, पासपोर्टचं पान क्रमांक असे चार रकाने आखले की अधिकाऱ्याला शिक्के शोधत बसावं लागत नाही.

बहुतेक अर्ज इथंच लटकतात. शिक्का पुसट असतो, किंवा जुना पासपोर्ट रद्द झालाय म्हणून त्याची प्रत जोडलेलीच नसते, आणि मधली दोन वर्षं कोऱ्यासारखी दिसतात. ई-गेटनं गेलं तर शिक्काच बसत नाही. अशा तारखांसाठी बोर्डिंग पास किंवा विमान कंपनीच्या तिकिटाची प्रत लावा.

---

कळंब्याचा
११ नोव्हेंबर, दुपारी १.३१

एवढं करण्यापेक्षा आधार आहे तर हजार रुपये भरून जोडून टाकावं की. ई-पे टॅक्समध्ये 'इन्कम टॅक्स', मग 'अदर रिसीट्स (५००)', त्यात जोडणीच्या विलंबाची फी. भरली की लिंक आधार. झालं. पॅन चालू व्हायला जास्तीत जास्त तीस दिवस.

---

आखातवारा
११ नोव्हेंबर, दुपारी २.१०

@कळंब्याचा, पॅन चालू होईल, कबूल. स्टेटस मात्र रहिवासीच राहील. उद्या फ्लॅट विकताना खरेदीदार तिला रहिवासी समजून एक टक्का कापेल किंवा ५० लाखांच्या आत म्हणून कापणारच नाही, आणि चौकशी आली की दोघंही गोत्यात. शिवाय तिचं पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं असेल, तर जोडणी नावाच्या फरकावर अडणार.

---

खातेवही
११ नोव्हेंबर, दुपारी ४.४५

दोघांचंही बरोबर. माझं मत: तिच्याकडे आधार असेल तर नाव दुरुस्त करून जोडणीही करावी आणि स्टेटसचा अर्जही द्यावा. हजार रुपयांत व्यवहाराची तारीख सुटली तर स्वस्तच. अधिकाऱ्याच्या टेबलावर अर्ज किती दिवस पडेल याला काही मुदत नाही.

एक दिलासा खरेदीदारासाठी. जुलै २०२५ च्या परिपत्रकानुसार, १ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या रकमांच्या बाबतीत, ज्या महिन्यात रक्कम दिली तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांत पॅन चालू झालं, तर निष्क्रिय पॅनमुळे जादा दरानं कापलं नाही म्हणून खरेदीदाराला जबाबदार धरत नाहीत. त्याच्या सीएला हे माहीत असेलच, तरी पुढे सरकवा.

---

पेठेतला
११ नोव्हेंबर, रात्री १०.०२

लई उपकार मंडळी. बहिणीच्या पॅनचा फोटो जोडतोय. नावात दुसरं काय चुकलंय का बघा. आणि आडनाव बदललं की पॅन नंबरसुद्धा बदलणार का? पाचवं अक्षर आडनावाचं असतं असं ऐकलं.

---

बिंदूचौक
११ नोव्हेंबर, रात्री १०.०६

फोटो काढा आधी. नंबर, जन्मतारीख आणि सही, तिन्ही उघड्यावर टाकलंत. एवढ्यावर लोक कर्ज उचलतात.

---

पेठेतला
११ नोव्हेंबर, रात्री १०.०९

काढला.

---

लेखणी
१२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

नंबर बदलत नाही. चौथं अक्षर धारकाचा प्रकार (माणसाला 'पी', कंपनीला 'सी', हिंदू अविभक्त कुटुंबाला 'एच'), पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर, शेवटचं तपासणीचं. पण पाचवं अक्षर पॅन दिलं त्या दिवशीच्या आडनावाचं. जाधवची पाटील झाली तरी तिथं 'जे' मरेपर्यंत राहतो. त्यामुळे नंबर चुकलाय असं सांगून कुणी नवं पॅन काढायला लावलं तर ऐकू नका.

दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक छोटी चौकट असते. जो रकाना बदलायचा त्याच चौकटीत खूण. नवीन नाव नीट लिहिलं आणि खूणच केली नाही, तर कार्ड जुन्याच नावानं छापून येतं, पैसे गेले. उलट नको तिथं खूण केली तर त्या बदलाचाही पुरावा मागतात.

वडिलांचं नाव म्हणजे वडिलांचंच. लग्न झालेल्या बाईनंही तिथं नवऱ्याचं नाव घालायचं नाही.

लग्नानंतरच्या नावाला पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, नवऱ्याचं नाव असलेल्या पासपोर्टची प्रत, किंवा लग्नपत्रिका. हो, पत्रिका यादीत आहे.

---

मिसळसम्राट
१२ नोव्हेंबर, सकाळी ७.१२

पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असलं तर फी माफ होते का?

---

लेखणी
१२ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

नाही. आणि मराठी पत्रिका पाठवायची तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लावा. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव असेल तर पत्रिकेच्या नादालाच लागू नका.

---

रंकाळ्यावरून
१२ नोव्हेंबर, सकाळी ९.४४

आपल्याकडच्या नावांचा घोळ यात मोठा आहे. पासपोर्टमध्ये दोनच रकाने: 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम'. आपण गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकापुढे एक लिहितो. पॅनच्या फॉर्ममध्ये मात्र तीन रकाने आहेत आणि पहिला आडनावाचा. तिथं घाईत 'रोहित' आडनावात आणि 'पाटील' पहिल्या नावात जातं. मग पाचवं अक्षरसुद्धा 'आर' होऊन बसतं.

आणखी एक: आधारवर नुसतं 'रोहित पाटील', पासपोर्टवर 'रोहित सुरेश पाटील'. आधार ओटीपीनं अर्ज केला की पॅन आधारच्या नावावर येतं. फ्लॅटच्या कागदावर आणि एनआरओ खात्यात (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) पासपोर्टचं नाव. परताव्यासाठी खातं पोर्टलवर प्रमाणित करताना नाव जुळत नाही. म्हणून आधी आधारवरचं नाव पासपोर्टसारखं करून घ्या, मग पॅन.

आद्याक्षरं चालत नाहीत. 'आर. एस. पाटील' लिहिलं की अर्ज परत. आणि ज्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, त्यानं आपलं एकच नाव पॅनच्या आडनावाच्या रकान्यात लिहायचं, बाकी दोन मोकळे.

---

उत्तरेश्वर_गल्ली
१२ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

भावाचं सोपं आहे, फक्त कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवा.

फुकट वाट: ई-फायलिंग पोर्टलवरचं इन्स्टंट ई-पॅन. आधी कधी पॅन नको, वय १८ पुरं हवं, आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी (नुसतं साल नाही) आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो. जर्मनीत बसून इथलं सिम बंद पडलेलं असेल तर ही वाट बंद. पॅन आल्यावर पोर्टलवर जाऊन स्टेटस अनिवासी करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वर्षी त्याचाही धागा निघेल.

पैशाची वाट: प्रोटीनच्या साइटवर ४९अ ऑनलाइन. इथं एओ कोड निवडताना 'इंटरनॅशनल टॅक्सेशन' ही वेगळी यादी आहे, त्यातूनच घ्या. कोल्हापूर शहराचा नेहमीचा वॉर्ड दिसला म्हणून तो टिचकवू नका, नंतर फाईल हलवायला अर्ज करावा लागतो.

पत्ता: पासपोर्टच्या शेवटच्या पानावर कोल्हापूरचा पत्ता असेल तर तोच पुरावा, कार्ड इथं येईल, फी १०७. जर्मनीचा पत्ता द्यायचा तर तिथल्या बँकेचं किंवा एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासीचं भारतातलं खातं) विवरण लागतं. त्या पत्त्याला राज्याचा कोड ९९ आणि पिन ९९९९९९ टाकायचा, तिथला खरा पोस्टकोड पत्त्याच्या ओळीत.

---

शंकासुर
१२ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

१ जुलै २०२५ पासून नव्या पॅनला आधार सक्तीचं झालंय ना? मग आधार नसलेल्या एनआरआयनं काय करायचं?

---

खातेवही
१२ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

ज्यांना आधार क्रमांक देण्याची सक्तीच नाही, त्या अनिवासी आणि परदेशी नागरिकांची सूट अजून आहे. ते पासपोर्टवर अर्ज करतात. भावाकडे आधार आहे, त्यानं ते द्यावंच.

सुट्टीवर आलेला कुणी आधार काढू इच्छित असेल तर भारतीय पासपोर्टवर निघतं, १८२ दिवस थांबायची अट अनिवासींसाठी २०१९ मध्येच काढलीय.

---

निळीशाई
१२ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

कागद पोस्टानं पाठवणार असाल तर हे बघा. अर्ज परत येतात ते जास्त करून पुढच्या कारणांनी:

फोटो ३.५ × २.५ सेंमी लागतो. जर्मनीतला फोटो ३.५ × ४.५ निघतो, अमेरिकेतला दोन इंच चौकोनी. ते कापून बसवताना कपाळ जातं. इथल्या कुठल्याही स्टुडिओत फाईल पाठवून 'पॅन साइज' सांगा, आठ प्रती काढून देतो. फोटो गोंदानं चिकटवायचा, पिन किंवा स्टेपल नाही.

सह्या तीन ठिकाणी. डाव्या फोटोवर आडवी, अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर, चेहऱ्यावर नको. उजव्या फोटोखालच्या चौकटीत पूर्ण सही, रेघेला न लागता. तीच स्कॅन होऊन कार्डावर येते. तिसरी शेवटी, ठिकाण-तारखेसह. काळी शाई. सही छापून चिकटवलेली किंवा प्रिंटमधली चालत नाही, शाईचीच हवी.

ऑनलाइन भरल्यापासून १५ दिवसांत कागद पोचायला हवेत. पाकिटावर 'अ‍ॅप्लिकेशन फॉर पॅन' आणि पोचपावतीचा पंधरा आकडी क्रमांक ठळक. प्रोटीनचं ठिकाण पुण्यात बाणेरला आहे, पत्ता पोचपावतीवर छापलेला असतो. जर्मनीतून साध्या टपालानं पंधरा दिवसांत बाणेर गाठेलच असं नाही, कुरिअर करा.

---

कळंब्याचा
१२ नोव्हेंबर, दुपारी ३.२२

म्हणजे जर्मनी, अमेरिका, दुबई, सगळ्यांचे कागद शेवटी पुण्यालाच तपासणार. तरीच एवढ्या अटी.

---

मिसळसम्राट
१२ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

आणि पोस्ट दुपारी एक ते चारमध्ये पोचलं तर? 😄

---

खातेवही
१२ नोव्हेंबर, रात्री ८.३०

आता आत्या. ४९अअ मध्ये ओळखीला अमेरिकन पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड चालतं. अडतं ते पत्त्यावर. अमेरिकन पासपोर्टवर छापील पत्ता नसतो आणि ओसीआयवरही तिचा आजचा पत्ता मिळत नाही. म्हणून तिथल्या बँकेचं विवरण लागतं आणि ते साक्षांकित लागतं: त्या देशातलं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी दाखला), किंवा भारतीय दूतावास-वाणिज्य दूतावास, किंवा भारतातल्या शेड्यूल्ड बँकेच्या परदेशातल्या शाखेचा अधिकृत अधिकारी. नुसत्या नोटरीचा शिक्का मारून पाठवलेले अर्ज परत येतात. अमेरिकेत अपोस्टिल ज्या त्या राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय देतं, तेही आधी नोटरी झालेल्या कागदावर. म्हणजे दोन पायऱ्या.

एनआरई खातं असेल तर त्याचं विवरणही पत्त्याला चालतं आणि ते सोपं पडतं. बँकेचा शिक्का हवा आणि गेल्या सहा महिन्यांत निदान दोन व्यवहार दिसायला हवेत. झोपलेल्या खात्याचं विवरण उपयोगाचं नाही.

फॉर्ममध्ये राहत्या देशाचा कर क्रमांक विचारतात. अमेरिकेसाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक.

एक विचारा: आत्या अमेरिकन नागरिक होण्याआधी इथं नोकरीला किंवा गुंतवणुकीत होत्या का? तेव्हाचं जुनं पॅन असेल तर नागरिकत्व बदललं तरी तेच आयुष्यभर चालतं. नवा अर्ज करायचा नाही, फक्त माहिती बदलायची.

---

आखातवारा
१२ नोव्हेंबर, रात्री ९.१०

जोडून सांगतो: यूएई हेग अपोस्टिल करारात नाही. तिथं अपोस्टिल करून देतो म्हणणाऱ्या टायपिंग सेंटरला पैसे देऊ नका. वाणिज्य दूतावास किंवा भारतीय बँकेची तिथली शाखा. अर्थात बहिणीला भारतीय पासपोर्टावर हे सगळं लागतच नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल.

---

शेतकीण
१३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

थोडं अवांतर. याच तिघांची गावाकडं वडिलोपार्जित शेती असेल तर? परदेशातल्यांना शेतजमीन विकता येते का, आणि त्यालाही हाच १२.५ टक्के?

---

बिंदूचौक
१३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

@शेतकीण ताई, अनिवासी भारतीय आणि ओसीआय शेतजमीन विकत घेऊ शकत नाहीत, वारसाहक्कानं आलेली ठेवू शकतात. विकायची ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो.

कराचं: 'ग्रामीण' शेतजमीन भांडवली मालमत्तेतच धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर कर नाही. पण ग्रामीण म्हणजे सातबारावर गावाचं नाव आहे तेवढं पुरत नाही. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतर मोजतात: लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर दोन किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर सहा, दहा लाखांवर आठ. कोल्हापूर महापालिका २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे सहा किलोमीटर. कळंबा, पाचगाव, उचगावची जमीन त्या वर्तुळात येते, तिला कर आहे. इचलकरंजीच्या हद्दीपासूनही वेगळं मोजायचं. तहसीलदाराचा किंवा नगररचना विभागाचा अंतराचा दाखला विक्रीआधी घेऊन ठेवा, नंतर कुणी देत नाही.

---

शंकासुर
१३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

फ्लॅटला इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) घेता येईल ना? जुना आहे म्हणजे फायदा.

---

खातेवही
१३ नोव्हेंबर, सकाळी ९.३५

नाही. इंडेक्सेशनसह २० टक्के हा पर्याय फक्त रहिवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला ठेवलाय. अनिवासीला १२.५ टक्केच. पण घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल घ्या. त्याच अहवालावर फॉर्म १३ चा अर्ज करा, म्हणजे पूर्ण ४० लाखांऐवजी खऱ्या नफ्याइतकाच टीडीएस कापला जाईल. तिघांचे तीन वेगळे अर्ज. विसार पावतीची प्रत त्यात लागते आणि प्रमाणपत्र यायला काही आठवडे जातात. खरेदीखताची तारीख त्या हिशेबानं लांबची धरा.

---

रंकाळ्यावरून
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

'पॅन २.०'चे ईमेल येतात, डाउनलोड करा म्हणून. मंत्रिमंडळानं प्रकल्प मंजूर केला नोव्हेंबर २०२४ मध्ये हे खरं, पण जुनी कार्डं वैधच आहेत, कुणाला काही करायची गरज नाही. ते ईमेल फसवे आहेत. तसंच परदेशात बसून शोधलं की डॉलरमध्ये पैसे घेणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या साइट्स वर येतात. प्रोटीन, यूटीआयआयटीएसएल आणि आयकर पोर्टल सोडून चौथीकडं आधार नंबर टाकू नका.

---

पेठेतला
१३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

सगळं उतरवून तिघांना पाठवलं. आत्यांचं जुनं पॅन नाही, विचारलं. भावाचं इथलं सिम चालू आहे, आधारवर पूर्ण जन्मतारीख आहे, पण वडिलांचं नाव नाही. बहिणीच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आहे, आधार अजून माहेरच्या नावाचंच आहे. शेवटचं एक: आत्या आणि बहीण येणार नाहीत, कुलमुखत्यारपत्र देणार. मुखत्यारानं पॅनच्या फॉर्मवर सही केली तर?

---

निळीशाई
१३ नोव्हेंबर, रात्री ९.४१

नाही. सज्ञान अर्जदारानं फॉर्मवर स्वतःच सही करायची, कार्डावर तीच सही छापली जाते. अज्ञान मुलाचं पॅन असेल तर आईवडील प्रतिनिधी म्हणून करतात.

---

खातेवही
१३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

कुलमुखत्यारपत्र खरेदीखतापुरतं वापरा. परदेशात केलेलं पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, ते नोंदणीच्या दिवसापर्यंत पुढं ढकलू नका. आणि त्यातलं नाव पॅनसारखंच घाला, बहिणीचं विशेषतः.

बहिणीचा क्रम: आज पॅन दुरुस्तीचा अर्ज, पासपोर्टच्या प्रतीवर. त्याच दिवशी अधिकाऱ्याला स्टेटसचा ईमेल, त्याला दुरुस्तीची वाट बघावी लागत नाही. आधारवर सासरचं नाव इथं आल्यावर होईल. तोवर जोडणीचा प्रयत्न नको, हजार रुपये अडकतील. भावानं आधी आधारवर मधलं नाव घालून घ्यावं, मग इन्स्टंट ई-पॅन. आत्यांनी अपोस्टिलला लगेच लागावं.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतील. मार्चनंतर हा धागा वाचणाऱ्यांनी ४९अ, ४९अअ हे क्रमांक पोर्टलवर तपासून घ्यावेत.

---

मिसळसम्राट
१३ नोव्हेंबर, रात्री १०.२२

आणि शाहूपुरीच्या एजंटाचं काय करायचं?

---

बिंदूचौक
१३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

त्याला आधारच्या झेरॉक्स दिल्या असतील तर यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवर तिघांचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.